मार लागला ती तारीख लिहून ठेवा: इजेमागून येणारे आजार वेळेत कसे ओळखावेत

काकांच्या डोक्याला कपाटाचं उघडं दार लागलं. टेंगूळ आलं, पण रक्त नाही की चक्कर नाही. बर्फ लावला, दोन दिवसांत टेंगूळ बसलं आणि घरात सगळेच ती गोष्ट विसरलो. तीन आठवड्यांनी काकू म्हणाली, "चालताना यांची उजवी चप्पल पायातून निसटते आणि यांना कळतही नाही." बोलताना शब्द सापडत नव्हते, दुपारची झोप लांबत चालली होती. वय झालं, असं आम्ही ठरवून टाकलं. पहिल्या डॉक्टरांना आम्ही कपाटाच्या दाराचं सांगितलंच नाही, कारण कुणाला आठवलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "गेल्या महिना-दोन महिन्यांत डोक्याला काही लागलं होतं का?" सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला कवटीखाली, मेंदूवर साचलेलं जुनं रक्त दिसलं. कवटीला लहानसं छिद्र पाडून ते काढलं आणि काका पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला, प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही घेतलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. मार किती गंभीर आहे हे त्या दिवशीच्या दुखण्यावरून ठरवता येत नाही. इजा आणि तिच्यातून उद्भवणारा आजार यांच्यात कधी काही तासांचं, कधी काही आठवड्यांचं, तर कधी वीस-तीस वर्षांचं अंतर असतं. पण हे अंतर मनाला येईल तसं नसतं. बहुतेक गुंतागुंतींचा ठरावीक काळ असतो, आणि तो माहीत असला की कधी काय बघायचं हे कळतं. म्हणून खालच्या पायऱ्या घड्याळ आणि कॅलेंडर यांच्या क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: पहिली काही मिनिटं

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि सलग दहा मिनिटं हात उचलू नका. "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला कापड उचललं की धरलेली गुठळी पुन्हा सुटते. जखमेत काही रुतलेलं असेल तर ते ओढून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या आणि तसंच दवाखान्यात न्या. उंचावरून पडलेल्या किंवा मानेत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलवू देऊ नका.

रक्त थांबल्यावर साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली भरपूर धुवा. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी घरी करता येण्यासारखं याहून मोठं काही नाही. त्यात कसलीही पूड, लेप किंवा तेल भरू नका. डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं. प्राण्याच्या चाव्याची जखम साबण आणि पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं. भाजलं असेल तर साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. तिथे बर्फ लावायचा नाही.

मुका मार असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग विश्रांती द्या. आणि चोळू नका. हे मुद्दाम वेगळं लिहिण्याचं कारण आहे. ताजा मार लागलेल्या स्नायूला, विशेषतः मांडीला आणि कोपराला, जोरात मालिश केली तर आत साचलेल्या रक्ताच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत चक्क हाड तयार होऊ शकतं. मग कोपर ना पूर्ण वाकत, ना सरळ होत. प्रेमाने चोळून दिल्यामुळे हात कायमचा आखडलेली माणसं हाडांच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात.

पायरी २: त्याच दिवशी नोंद करा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. फोनमध्ये किंवा वहीत चार ओळी पुरतात. मी अशी लिहिते:

"१२ तारीख, संध्याकाळी सात. जिन्यावरून घसरून डाव्या बाजूवर पडणं. डोकं आपटलं नाही, शुद्ध गेली नाही. डाव्या बरगड्यांखाली दुखतंय. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन चार वर्षांपूर्वी. लघवीचा रंग नेहमीचा."

कसं पडलं, कुठल्या बाजूला लागलं, शुद्ध गेली का, कोणती औषधं चालू आहेत, एवढं हवंच. जखमेचा किंवा सुजेचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, म्हणजे सूज वाढतेय की उतरतेय हे दुसऱ्या दिवशी अंदाजाने सांगावं लागत नाही.

पायरी ३: पहिले चोवीस तास

डोक्याच्या माराबद्दल फसवणारी गोष्ट म्हणजे मधला चांगला काळ. कवटीच्या आतली रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी नळी) फाटली तर माणूस आधी जरा गोंधळतो, मग अगदी ठीक होतो, बोलतो, हसतो, आणि काही तासांत कोसळतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. आपण बऱ्या आहोत म्हणून त्यांनी सुरुवातीला उपचार नाकारले. दोन दिवसांनी अशाच रक्तस्रावाने त्या गेल्या.

म्हणून डोक्याला जोरात लागलेल्या माणसाला पहिली रात्र एकटं ठेवू नका. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर त्याला झोपू द्या. झोपूच द्यायचं नाही, हा समज चुकीचा आहे. मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने हाक मारून बघा: नेहमीसारखी जाग येते का, नाव-गाव नीट सांगतो का. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोबडं बोलणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा, एका बाजूचा अशक्तपणा, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं; आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पोटाला किंवा डाव्या बरगड्यांना मार लागला असेल तर प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा, रक्ताने भरलेला अवयव) डोळ्यांसमोर ठेवा. ती फाटली की डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू शकतं, खांद्याला काही लागलेलं नसतानाही. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं आणि ती वेदना खांद्यात जाणवते. चेहरा पांढराफटक पडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पोट ताठर होणं ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हं. प्लीहेचा रक्तस्राव कधीकधी आठवडा-दोन आठवड्यांनीही सुरू होतो, म्हणून पहिल्या दिवशी निभावलं म्हणजे संपलं असं धरू नका. सायकलवरून पडलेल्या मुलाच्या पोटावर हँडलच्या टोकाचा गोल वळ दिसला तर मूल खेळत असलं तरी दाखवून घ्या. हँडल पोटात रुतून स्वादुपिंड किंवा लहान आतडं मणक्यावर दाबलं जातं, आणि उलट्या, पोटदुखी, ताप हे सगळं नंतर दिसायला लागतं.

आता हातापायांकडे. नडगीचं किंवा मनगटाजवळचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, आणि रात्री दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय, गोळ्यांनीही हटत नाही. अशा वेळी "हाड मोडलंय, दुखणारच" असं म्हणून गप्प बसू नका. आपले स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढली की त्या कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूला रक्त मिळेनासं होतं. घरी करायची परीक्षा साधी आहे: पायाची किंवा हाताची बोटं हलकेच सरळ करून बघा. माणूस कळवळून ओरडला, नडगीचा किंवा हाताचा भाग दगडासारखा घट्ट लागला, बोटांना मुंग्या आल्या, तर ही तातडीची वेळ आहे. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय, यावर विसंबू नका. नाडी जाते ती फार उशिरा. साधारण सहा तासांत स्नायू कायमचा मरायला लागतो. पट्टी घट्ट असेल तर सैल करा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, त्याहून वर नको, आणि निघा. शस्त्रक्रियेने तो कप्पा उघडला की पाय वाचतो.

याच कुटुंबातली दुसरी गुंतागुंत म्हणजे चिरडलेल्या स्नायूमुळे मूत्रपिंड बंद पडणं. १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत लंडनमध्ये ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेले लोक काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होते. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते. यासाठी इमारतच कोसळावी लागते असं नाही. घरात पडून रात्रभर जमिनीवर तसेच राहिलेले वृद्ध, जबर मारहाण झालेला माणूस यांनाही हा धोका असतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली किंवा कमी झाली तर लगेच रुग्णालयात.

पायरी ४: दुसरा दिवस ते पहिला आठवडा

मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके उठले, तर हाडातल्या मगजाची चरबी रक्तातून फुप्फुसांत आणि मेंदूत पोचल्याची शंका घ्यावी लागते.

बरगडी मोडली असेल तर खरा धोका बरगडीचा नसून न्यूमोनियाचा. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, कफ साचतो. छाती पट्ट्याने आवळून बांधणं म्हणजे त्याला निमंत्रणच. दुखण्याची गोळी वेळेवर घ्या, दर तासाला दहा खोल श्वास घ्या, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. वय जास्त असेल आणि एकाहून अधिक बरगड्या मोडल्या असतील तर घरी उपचार करण्याचा आग्रह धरू नका.

मुलाच्या नाकाला चेंडू किंवा कोपर लागलं असेल तर टॉर्च घेऊन दोन्ही नाकपुड्यांत बघा. मधल्या पडद्यावर जांभळट, मऊ फुगवटा दिसला आणि नाक दोन्हीकडून चोंदलं असेल, तर पडद्यात रक्त साचलंय. ते त्याच दिवशी काढून घ्यावं लागतं. तीन-चार दिवसांत आतली कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) कुजते आणि नाकाचा मधला भाग कायमचा बसतो. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, पण सगळ्यांचं लक्ष "हाड मोडलं का" याकडे असल्याने ती राहून जाते.

जखमेभोवतीचा लालपणा पेनने आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो रेषेबाहेर गेला, लाल रेघ वर चढायला लागली, पू किंवा ताप आला, तर दाखवा. त्वचेवर फारसं काही दिसत नसताना असह्य दुखणं, झपाट्याने पसरणारा काळपट डाग, दाबल्यावर कुरकुर, ही खोल संसर्गाची लक्षणं आहेत आणि तिथे तासही महत्त्वाचे. ताप, भराभर श्वास, गोंधळलेपण आणि कमी लघवी एकत्र आले तर संसर्ग रक्तात पसरल्याचं समजून चाला. मधुमेह असलेल्यांनी पावलांच्या जखमा दुखण्यावर सोडू नयेत. संवेदना कमी झालेल्या पायात खोल व्रणही दुखत नाही. रोज संध्याकाळी आरशाने तळवे बघणं हाच उपाय.

मानेला जोरदार हिसका बसलेल्या तरुण माणसाला पुढच्या काही दिवसांत मानेच्या एकाच बाजूला न थांबणारं दुखणं, एक पापणी उतरणं, तोल जाणं, बोलण्यात अडखळणं असं काही झालं तर मानेतली रोहिणी आतून चिरली गेली असू शकते. तिथे गुठळी तयार होऊन पक्षाघात होतो, आणि वय तिशीचं असलं तरी होतो.

पायरी ५: दुसरा ते सहावा आठवडा

*धनुर्वात.* लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर जखम भरूनही आलेली असते, त्यामुळे जबडा आखडणं आणि ती जखम यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मुळात लस वेळेवर घ्यायची. प्राथमिक डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं उलटली असतील तर, आणि खोल किंवा माती गेलेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा डोस लागतो. डोस पूर्ण झालेत की नाही हे माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. घाणेरड्या जखमेत अशा लोकांना तयार प्रतिद्रव्यांचं वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. धनुर्वात होऊन गेला तरी त्याने प्रतिकारशक्ती येत नाही, लस घ्यावीच लागते.

*पायातली गुठळी.* प्लास्टर, अंथरुणावर पडून राहणं आणि जखमेमुळे रक्ताची वाढलेली गोठण्याची प्रवृत्ती हे तिन्ही एकत्र येतात. एकाच पोटरीला सूज, ठणका, उष्णता जाणवली तर ती पोटरी दाबून किंवा चेपून देऊ नका, तपासून घ्या. अचानक धाप, छातीत टोचल्यासारखं दुखणं, खोकल्यातून रक्त म्हणजे गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. प्लास्टर करताना डॉक्टरांना स्वतःहून विचारा: मला गुठळीविरोधी औषध लागेल का? आधी गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, कर्करोगावर उपचार चालू असतील तर ते सांगाच.

*मनगटाचं "लचकणं".* तळहातावर पडल्यानंतर अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर ती लचक समजू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला तरी आधार बांधून ठेवायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासायचं, किंवा एमआरआय करायचा. या हाडाला रक्त एका टोकाकडून मिळतं. चीर तशीच राहिली तर दुसरं टोक मरतं आणि काही वर्षांत मनगट झिजतं.

*न जाणारी आग.* हाड जुळलं, टाके निघाले, तरी हात जळजळतोय, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही, रंग बदलतो, घाम येतो, एकदा गरम एकदा थंड लागतो. हा मनाचा खेळ नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ मध्येच अशा वेदनेचं वर्णन केलं होतं. लवकर ओळखून हळूहळू हालचाल सुरू केली तर बरं होण्याची शक्यता खूप वाढते. अशा रुग्णाला "नाटक करतो" म्हणणारे घरचे लोक त्याचं फार नुकसान करतात.

आणि काकांचा आजार याच टप्प्यातला. वय साठीपुढे, मद्याचं व्यसन किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर किरकोळ टेंगळानंतरचे दोन-तीन महिने चाल, बोलणं आणि झोप यांत पडलेला फरक वयाच्या खात्यावर टाकू नका.

पायरी ६: महिने आणि वर्षं

डोळ्याला मुका मार लागून गेला, दृष्टी परत आली, तरी दरवर्षी डोळ्याचा दाब मोजून घ्या. आतला निचऱ्याचा कोपरा फाटलेला असेल तर काचबिंदू वर्षांनीही होतो, आणि तो दुखत नाही. चमकणारे प्रकाशाचे झोत, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं म्हणजे नेत्रपटल (डोळ्याच्या आतला, प्रतिमा उमटणारा पडदा) सुटत असेल, त्याच दिवशी जा. भोक पडलेल्या डोळ्याच्या जखमेत आणखी एक क्वचित घडणारी गोष्ट असते: शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यातली आरी (चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार) एका डोळ्यात घुसली आणि पाच वर्षांचे होईपर्यंत दोन्ही डोळे गेले. त्यामागे हेच कारण असावं असं मानलं जातं.

गुडघ्याचा लिगामेंट किंवा गादी फाटली असेल तर सांधा लवकर झिजण्याचा धोका वाढतो, शस्त्रक्रिया झाली तरीही. मांडीचे स्नायू बळकट ठेवणं आणि वजन आटोक्यात ठेवणं, या दोन गोष्टी आपल्या हातात असतात. मुलांचं हाड सांध्याजवळ मोडलं असेल तर वाढीचा थर दुखावलेला असू शकतो. प्लास्टर निघाल्यावरही निदान वर्षभर दोन्ही हात किंवा पाय लांबीला आणि वळणाला सारखे आहेत ना, हे बघत राहा.

प्लीहा काढावी लागली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्या, आणि ताप आला की "उद्या बघू" नाही. अशा माणसात संसर्ग काही तासांत जीवघेणा होतो. हे पाकिटात कार्डावर लिहून ठेवावं.

मार लागल्याने कर्करोग होतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एखाद्या धक्क्याने गाठ कर्करोगाची होत नाही. बहुधा आधीच असलेली गाठ मार लागल्यावर हाताला लागते. म्हणून "मारामुळे आलीय, जाईल" म्हणून सोडू नका. चार-सहा आठवड्यांत न विरलेली गाठ तपासायचीच. अपवाद एकच ठळक: वर्षानुवर्षं न भरणारा व्रण किंवा भाजल्याचा जुना वण. त्यात अनेक दशकांनीही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. जुना वण नव्याने चिघळला, कडा उंचावल्या, तर तुकडा काढून तपासायला सांगा.

पायरी ७: डॉक्टरांसमोर

तपासणीला जाताना पायरी २ ची नोंद बरोबर न्या आणि पहिलं वाक्य तेच म्हणा: "इतक्या आठवड्यांपूर्वी इथे असं लागलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता हे होतंय." संबंध आहे की नाही हे ठरवायचं काम डॉक्टरांचं, पण तारीख फक्त तुम्हालाच माहीत असते. मनावर झालेला परिणामही त्याच दमात सांगा: अपघातानंतर महिना उलटला तरी तेच स्वप्न, तोच आवाज, त्या रस्त्यावरून जाताना सुटणारा घाम, यालाही उपचार आहेत. काकूच्या फोनमध्ये आता "लागलं-खुपलं" नावाची एक यादी आहे. परवाची शेवटची ओळ: "हे स्वयंपाकघराच्या चौकटीला अडखळले, उजवा गुडघा, डोकं नाही."